शाळेत न जाता दहावी?

‘शाळेतच गेलो नाही तर काय होईल?’ मुलांनो, हा प्रश्न तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात निदान सोमवारी सकाळी तरी येतोच! आई पांघरूण ओढते, प्रश्न तिथंच संपतो आणि तुम्ही दप्तर घेऊन बसथांब्यावर उभे राहता. पण काही घरं अशीही आहेत, जिथं हा प्रश्न आईबाबांनीच विचारला, त्यावर खूप विचार केला आणि ‘आमचं मूल घरीच शिकेल’ असं ठरवलं. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्येही अशी घरं आहेत. सकाळी गणित, दुपारी गच्चीवर झाडं, संध्याकाळी तबला, आणि कुंडलीतल्या ग्रहांपेक्षा आकाशातले ग्रह जास्त ओळखीचे!

हेवा वाटला ना? थांबा. या गोष्टीत मजा आहे तसे कागदही आहेत, आणि कागदांची गोष्ट कुणी सांगत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. कागदांशी माझी रोजची गाठ असते, म्हणून आज तीच सांगते. पालकांनीही वाचावी.

आधी कायदा पाहू या. आपल्या देशात मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क त्याने दिला. त्याचं दहावं कलम म्हणतं, की मुलाला शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं किंवा पालकाचं कर्तव्य आहे. आता गंमत पाहा. कर्तव्य सांगितलं आहे, पण ते पाळलं नाही तर पालकाला दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही. मान्यता न घेता शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, तो शाळेला. घरी शिकवणाऱ्या आईबाबांबद्दल कायदा ‘चालेल’ असं म्हणत नाही आणि ‘तुरुंगात टाकू’ असंही म्हणत नाही. तो गप्प आहे.

सगळ्या देशांत असं नाही बरं का. आमच्याकडे चाकणला ज्यांच्या मोटारी तयार होतात, त्या जर्मन लोकांच्या देशात मुलाला शाळेत घालावंच लागतं. तिथल्या एका कुटुंबाने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत धाव घेतली, पण २००६ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. इंग्लंडचा कायदा मात्र १९४४ पासून सांगतो, की मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे, मग ते शाळेत असो वा अन्य रीतीने. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत घरी शिकायला मुभा आहे. नियम मात्र राज्याराज्यात वेगळे.

आपला कायदा गप्प का, हे समजायचं तर जरा मागं जावं लागेल. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा एक रुपया! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या सगळ्या राज्यात सक्ती केली, आणि नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये साऱ्या देशासाठी तसं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. या थोर माणसांच्या डोळ्यांसमोर कोण होतं? गच्चीवर तारे बघणारा मुलगा नव्हे. गुरं राखणारा मुलगा आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली मुलगी होती. सक्तीचा कायदा त्यांच्यासाठी जन्मला.

ती मुलगी अजून आहे. मी तिला चाकणला पाहिली आहे.

आम्हा प्राथमिक शिक्षकांना एक काम असतं, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. ४ जुलै २०१५ रोजी तर साऱ्या महाराष्ट्रात ते एकाच दिवशी झालं होतं. घरोघरी, बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, भाड्याच्या खोल्यांच्या चाळींत जायचं आणि सहा ते चौदा वयाचं मूल दिसलं की विचारायचं, ‘कुठल्या शाळेत?’ ज्याचं नाव कुठल्याच शाळेत नाही ते शाळाबाह्य, आणि नाव असूनही महिनाभराहून अधिक सलग गैरहजर तेही शाळाबाह्य. चाकण, महाळुंगे, कुरुळी या बाजूला कारखान्यांमुळे माणसं लांबून येतात. कुणी मराठवाड्यातलं, कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं. ठेकेदार बदलला की खोली बदलते, खोली बदलली की मुलाची शाळा सुटते. अशाच एका खोलीच्या दारात बारा वर्षांची मुलगी भावाला भरवत होती. आई पहिल्या पाळीला गेलेली. वडील रात्रपाळी करून झोपलेले, ते उठून बाहेर आले आणि म्हणाले, ‘मॅडम, घरीच शिकते की ती!’

हेच वाक्य मी वाकडच्या एका मोठ्या सोसायटीतही ऐकलं आहे. तिथं आईने शांतपणे सांगितलं, ‘आम्ही तिला घरी शिकवतो.’ वाक्य एकच! कायद्याच्या वहीत दोन्ही मुलींची नोंद एकाच रकान्यात जाते. एकीकडे भिंतभर नकाशे होते आणि दुसरीकडे एक जुनं तिसरीचं पुस्तक, पानं गळालेलं.

म्हणून घरी शिकवणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे, की आमच्यासारखं कुणी दारात आलं तर रागावू नका. मुलाने शाळेतून दाखला नेला आणि दुसऱ्या शाळेत नाव घातलं नाही, की सरकारच्या यूडायस प्लस या संगणकीय नोंदीत ते ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये पडतं. मग आम्ही शोधत येणारच. मुलाच्या वह्या दाखवा, काय शिकवता ते सांगा. मी तर मुलालाच विचारते, ‘काल काय वाचलंस?’ खरंच शिकणारं मूल या प्रश्नावर थांबत नाही, दम लागेपर्यंत सांगत सुटतं. आणि जे मूल मान खाली घालतं, त्याच्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. चाकणच्या त्या मुलीसाठी मी तीनदा गेले. भावाला अंगणवाडीत घातलं तेव्हा ती शाळेत आली, सहावीच्या वर्गात. याच कायद्याचं चौथं कलम सांगतं, की शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं. जन्माचा दाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही, वर्ष अर्धं सरलं आहे, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही. हे घरी शिकणाऱ्यांनाही लागू आहे बरं का. वर्षभर घरी शिकून पाहिलं आणि जमलं नाही, तर चौदा वर्षांपर्यंत परत येण्याचं दार उघडं असतं.

खरी परीक्षा पुढंच आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की सक्तीचा कायदा संपतो, आणि नेमकं त्याच वयाला दहावीचं दार उघडतं. घरी शिकणाऱ्या मुलाला आठवीपर्यंत कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. दहावीचं मात्र सगळेच विचारतात! पंडिता रमाबाई घरीच आईवडिलांकडे संस्कृत शिकल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली, गुणपत्रिका न मागता. आजचे अकरावीचे प्रवेश असे विद्वान करत नाहीत, संगणक करतो.

तर दहावीला जायच्या वाटा कोणत्या?

पहिली आपल्या ओळखीची, महाराष्ट्र राज्य मंडळाची. या मंडळाला १ जानेवारी १९६६ रोजी सुरुवात झाली आणि त्याचं मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. शाळेत न जाता मंडळाची परीक्षा द्यायची तर जो अर्ज भरावा लागतो त्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. तुमच्या वाड्यातल्या एखाद्या काकूंनी किंवा कारखान्यातल्या एखाद्या दादाने तो भरलेला असेल, विचारून पाहा. मुलगा किंवा मुलगी निदान पाचवी पास हवी आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. अर्ज संगणकावर भरायचा. आधार कार्ड, फोटो आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मंडळ एक शाळा संपर्क केंद्र म्हणून देतं. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, अंतर्गत गुण हे सगळं त्या शाळेमार्फत होतं, म्हणून नुसता लेखी परीक्षेला उगवणारा विद्यार्थी गोत्यात येतो. विषय बाकीच्या मुलांचेच: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, सहाशे गुण, आणि टक्केवारी उत्तम पाच विषयांची. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण अर्जाची मुदत आदल्या वर्षीच संपते. जानेवारीत जागे झालात तर ते वर्ष गेलंच समजा.

इथं एक गोम आहे. दाखला हवा म्हणजे आधी कुठल्या तरी शाळेत नाव असायला हवं. जे मूल कधी शाळेतच गेलं नाही, त्याने दाखला आणायचा कुठून? म्हणून मी घरी शिकवायचं ठरवणाऱ्या पालकांना सांगते, की निदान पाचवी तरी शाळेतून होऊ द्या आणि दाखल्याची मूळ प्रत लॅमिनेशन न करता जपून ठेवा. हे माझं मत झालं. कुणी म्हणेल, शिक्षिकाच त्या, शाळेचीच बाजू घेणार! म्हणोत बापडे. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. ते पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा घेतं, तीही वाट विचारून घ्यावी.

दुसरी मोठी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. हिला सगळे ‘एनआयओएस’ म्हणतात. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक छोटा प्रकल्प म्हणून ती सुरू झाली, १९८९ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाली आणि २००२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पुण्यात तिचं विभागीय केंद्र आहे. इथंही वय चौदा हवं, पण शाळेचा दाखला नसला तरी चालतं. ‘हा अभ्यासक्रम करण्याइतकं मी शिकलो आहे’ असं विद्यार्थ्याने स्वतः लिहून द्यायचं, म्हणजे झालं! जन्मतारखेचा पुरावा मात्र पक्का हवा. पाच विषय, त्यांत निदान एक भाषा. मराठी आहे, गणित-विज्ञान आहे, शिवाय मानसशास्त्र, गृहविज्ञान, चित्रकला, भारतीय संस्कृती आणि वारसा असेही विषय आहेत. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा परीक्षा होते. ज्या विषयात पास झालात त्याचे गुण जमा राहतात, उरलेले पुढच्या वेळी. खेळाडूंना, कलाकारांना, आजारी असलेल्या मुलांना हे किती सोयीचं आहे पाहा. वीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या अभ्यासाला असतात. तो अभ्यास वेळेवर द्यायला विसरू नका.

मग काय, सोपे सोपे पाच विषय घ्यायचे आणि दहावी व्हायचं? इथंच सांभाळायचं आहे! राज्य मंडळाच्या दहावीत गणित-विज्ञान सगळ्यांनाच असतं, म्हणून तिथं हा प्रश्न येत नाही. मुक्त विद्यालयात विषय तुम्ही निवडता, आणि चौदाव्या वर्षी केलेली निवड सोळाव्या वर्षी समोर येऊन उभी राहते. आपल्या भागातलंच उदाहरण देते. मोरवाडीला पिंपरी-चिंचवड महापालिकेची आयटीआय आहे. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन या ट्रेडना दहावी पास हवं, आणि तेही गणित व विज्ञान हे विषय घेऊन. वेल्डरला आठवी पास चालतं. आता समजा एका मुलाने चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र आणि दोन भाषा घेऊन छान सत्तर टक्के मिळवले. प्रमाणपत्र खरं, गुण खरे, पण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ज्या कामाला जायची त्याची इच्छा आहे, त्याचा फिटरचा अर्ज पहिल्याच रकान्यात अडतो. अकरावी विज्ञानाचंही तसंच. म्हणून गणित नावडतं असलं तरी सोडू नका. ज्याला पुढं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही, त्याने तर मुळीच सोडू नये. भाषा, गणित, विज्ञान हे चार विषय धरा आणि पाचवा मनाचा घ्या, मग तो चित्रकला का असेना! आणि आवडीचा आणखी एखादा विषय घरी शिकायला कुणी अडवलंय?

मला विचाराल तर आखणी बाराव्या वर्षापासून सुरू करावी, म्हणजे तुमच्या सातवीच्या वेळी. त्या वर्षी राज्य मंडळाची की मुक्त विद्यालयाची वाट, हे ठरवावं. तेराव्या वर्षी त्या वाटेची पुस्तकं आणून जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. घरी शिकणाऱ्या मुलांना येत खूप असतं, पण तीन तास एका जागी बसून लिहायची सवय नसते. हाताला ती सवय वेळेवर लावावी लागते. चौदा पूर्ण झाली की नोंदणी.

बारावीचा विचारही तेव्हाच करायचा. सतरा नंबरच्या फॉर्मवर बारावी द्यायची तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं, घाई चालत नाही. विज्ञान घ्यायचं तर प्रयोगशाळेत हात घालावाच लागेल. स्वयंपाकघरातल्या लिंबू-सोड्यावर बारावीचं रसायनशास्त्र भागत नाही. डॉक्टर व्हायची इच्छा असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या मुलांना ‘नीट’ परीक्षेच्या नियमांनी बाहेर ठेवलं होतं. मुलं न्यायालयात गेली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. दार उघडलं खरं, पण नियम बदलतात हे त्यातून दिसतं, म्हणून ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचायचं. ‘कुणीतरी सांगितलं’ यावर विसंबू नका.

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, ‘बाई, पण मालविका जोशीने तर दहावी-बारावी काहीच केलं नव्हतं!’ बरोबर आहे. मुंबईच्या मालविका राज जोशी हिने सातवीत शाळा सोडली आणि ती घरी शिकू लागली. संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची तिला अशी गोडी लागली, की आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या जगप्रसिद्ध एमआयटी विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. वर्तमानपत्रांत हे ठळक छापून आलं. पण त्याच बातमीत खाली आणखी काही ओळी होत्या. आपल्या देशातल्या आयआयटींचं दार तिला बंद होतं, कारण तिथं बारावी लागते. तिला घेणारी संस्था इथं एकच निघाली, चेन्नईची गणित संस्था. तिने तिला थेट एमएस्सीच्या पातळीच्या अभ्यासक्रमात बसवलं! मालविकाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मात्र तीन आंतरराष्ट्रीय पदकं असलेल्या मुलीलाही इथल्या दारांनी कागद मागितला, ही गोष्ट पदक नसलेल्या मुलाच्या आईबाबांनी दोनदा वाचावी.

शेवटी एक अगदी बारीक काम. वाटेल ती परीक्षा द्या, पण अर्ज भरायच्या आधी जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला असेल तर तो, हे तिन्ही कागद एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर अन् अक्षर जुळतंय का पाहा. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नंतर, तिसऱ्यावर वडिलांचं नावच नाही, हे नेहमीचं आहे. इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका! दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आणि जी जन्मतारीख छापली जाते, तीच पुढं पासपोर्टला आणि नोकरीला पुरावा म्हणून दाखवावी लागते. चूक असेल तर ती परीक्षेच्या आधी दुरुस्त करून घ्या. नंतर तेच काम करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि चार चकरा लागतात, आणि रविवारी ती कार्यालयं बंद असतात.